असाध्य रोग्याची शुश्रूषा

डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें रुग्णालय काढलें. पुढें १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० पासून त्यास सांगली म्हणतात. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें झालीं. तेथील आरोग्यसेविका बाळंतपण व लस यांत निपुण झाली. परंतु इस्पितळानें हात टेकलेला कर्करोगी घरीं तळमळत असतां काय करावें, हें तिला फारसें कोणीं शिकविलें नाहीं.

मॉर्फिन तोंडावाटे ठराविक वेळीं दिल्यास ही वेदना बहुधा आवरते, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं सांगितलें. त्याच वर्षीं मुंबईस शांती अवेदना सदन निघालें. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें तें औषध दुर्मिळ झालें. व्यसनास आळा घालणें रास्तच. भुर्दंड मात्र मरणोन्मुखास पडला. २०१४ मध्यें कायदा सैल झाला.

२०१८ सालीं आयुष्मान भारत योजनेनें ही शुश्रूषा आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामांत घातली. आतां सेविकेस बारीकसारीक गोष्टी ठाऊक हव्यात : डॉक्टरांनीं नेमलेली गोळी वेदना उठण्यापूर्वींच द्यावयाची, आणि तिच्याजोडीला रेचक हवेंच, नाहींतर मलावरोधानें रोगी गोळीच नको म्हणतो.