चौलचा बाजार गाठायचा आहे

मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. दिघीच्या धक्क्यावर तुम्ही मोटारसायकल जंगल जेटीवर, म्हणजे फेरीबोटीवर, चढवता आणि कठड्यापाशी येऊन उभे राहता. सोबत कुणी नाही. रात्री चौल-भोवाळ्याची जत्रा गाठायची आहे. रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरांचा, पण आज तो तुम्हाला हजार वर्षं मागे नेणार आहे.

खाडीच्या मध्यावर आलात की साल १९४८. दिघी, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानाचा. सिद्दी नवाबांची राजवट संपते आहे, संस्थान मुंबई प्रांतात विलीन होतं आहे. तरीतली माणसं मात्र आपापल्या टोपल्या सांभाळून बसली आहेत. राज्य कुणाचंही असो, पैलतीरी माल वेळेवर पोचायला हवा.

आगरदांड्याला उतरून राजपुरीकडे वळा. साल १६८२. भर दुपार, पुनवेची भरती. समोर पाण्यात जंजिरा उभा. किनाऱ्यावर संभाजी महाराजांची माणसं समुद्रात दगड लोटत आहेत. किल्ल्यापर्यंत भराव घालून वाट काढायची आहे. तुम्हीही एक दगड उचलता. तो पाण्यात पडतो, क्षणभर फेस येतो आणि लाट त्यावरून निघून जाते. तरी मागची रांग थांबत नाही. पण मोगली फौज कल्याणकडे उतरते आणि महाराजांना माघारी वळावं लागतं. जंजिरा सिद्दीकडेच राहतो. पलीकडे, मुरूडसमोर, शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग लाटा झेलत उभा आहे.

मुरूड मागे पडतं, नांदगाव जातं, काशीदची सुरूची बनं सरतात. ऊन कलतं आणि कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. साल १५९४. त्यावरचा निजामशाहीचा किल्ला पोर्तुगीजांनी नुकताच घेतला आहे. इथून खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत नजरेच्या टप्प्यात येतं, म्हणून तर एवढी झुंज. पुढे पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा मात्र राहिली. कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलली जाते, मराठी शेजाराने घडवलेली.

साळावच्या पुलावर थांबाच. पुनवेला संध्याकाळी ओहोटी असते. कुंडलिका नदीचं पाणी ओसरून दोन्ही कडांचा गाळ उघडा पडला आहे. पश्चिमेला सूर्य बुडतोय आणि पूर्वेच्या डोंगरांवर चंद्र वर येतोय. साल १५०८. खाडीच्या तोंडाशी इजिप्तचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार, आत पोर्तुगीज गलबतं. त्यांचा म्होरक्या लोरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा मुलगा. बाहेर पडताना त्याच्या जहाजात पाणी शिरतं आणि ते कोळ्यांनी जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांत अडकतं. सोबतची गलबतं मागे येऊ शकत नाहीत. गोळा लागून त्याचा पाय मोडतो. तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहतो आणि तिथेच मरतो. दोन साम्राज्यांच्या तोफांच्या लढाईत इथल्या मासेमारीचे खुंटही निर्णायक ठरतात.

रेवदंड्यात रस्ता थेट पोर्तुगीज तटबंदीतून जातो. वेग कमी करा, कारण आता १४७० च्या आसपासचा काळ आहे आणि समोरून एक रशियन व्यापारी घोडा घेऊन येतोय. अफनासी निकितीन, त्वेर शहराचा. वास्को द गामाच्या आधी पाव शतक तो चौलला उतरला. एकच घोडा घेऊन, कारण इथे परदेशी घोड्याला भाव होता. इथली माणसं त्याच्यामागे गर्दी करतात, गोरा माणूस बघायला. तो त्यांच्या वेण्या आणि उघडी डोकी टिपून ठेवतो. पुढे जुन्नरला त्याचा घोडा काढून घेतला जातो आणि मिनतवारीने परत मिळतो. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे.

नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौल सुरू होतं. साल ९१६. शिलाहार राजा झंझाची सत्ता आहे. बगदादचा प्रवासी अल-मसूदी इथे आला आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले हजारो मुसलमान व्यापारी इथे घरं करून राहतात, त्यांचे तंटे त्यांचाच प्रमुख सोडवतो, असं तो लिहितो.

पुढे १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांना दिला. खाडी गाळाने भरत गेली, मुंबईने गिऱ्हाईक ओढलं, चौलचं बंदर बसलं. पण बाजार मेला नाही. भोवाळ्याला पोचा आणि बघा.

दत्ताच्या डोंगरावरच्या पायऱ्या दिव्यांनी उजळल्या आहेत. खाली पाच दिवसांची जत्रा भरली आहे. आकाशपाळण्याखाली खाजा, शेव, बांगड्या, घोंगड्या, खेळणी यांची पालं. लोहाराच्या पालावर एक बाई कोयता उचलते, धार नखावर घासून पाहते.

"पाणी नीट दिलंय ना, दादा?"

"ताई, नारळ सोला, माड तासा. पुढच्या जत्रेला तक्रार असली तर घेऊन या."

ती भाव पाडते, तो कुरकुरतो, दोघंही सौदा संपवायची घाई करत नाहीत. शेवटी कोयता कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत जातो.

सिद्दी, निजामशाही, पोर्तुगीज यांचे किल्ले तुम्ही वाटेत पाहिलेत. ते सारे या किनाऱ्यावरच्या घेण्या-देण्यावर ताबा मिळवायला झुंजले. ताबा कुणाकडेच कायम राहिला नाही, घेणं-देणं राहिलं. म्हणून रायगडचा किनारा बघायचा तर किल्ल्यांइतकाच वेळ या जत्रेला द्या. गाडी लांब लावा, गर्दीतून चाला, भाव करा आणि काहीतरी विकत घ्या. हजार वर्षांचा हा बाजार गिऱ्हाइकांनीच चालू ठेवला आहे, आणि आज ते गिऱ्हाईक तुम्ही आहात.