कमरेचे शस्त्र : उघडे आणि झाकलेले

मराठी भाषेने माणसाच्या कमरेवर बराच भार टाकला आहे. कामाला लागायचे तर कंबर कसावी लागते; संकट कोसळले की कंबर खचते; आणि ज्याने जनलज्जा टाकली, त्याने कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळले असे आपण म्हणतो. धैर्य, बळ आणि लाज या तिन्ही गोष्टी भाषेने एकाच ठिकाणी बांधल्या, हा योगायोग नव्हे. या वाक्प्रचारांच्या मागे एक खरी वस्तू आहे आणि ती म्हणजे कमरबंद. तो शोभेसाठी होता, अंगरखा आवरण्यासाठी होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शस्त्राचा भार वाहण्यासाठी होता. कमरेचे शस्त्र चारचौघांना दिसेल असे बांधायचे की वस्त्राखाली झाकायचे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून तो समाज कोणावर आणि किती विश्वास ठेवत होता, हे बरेचसे कळते.

प्रथम कमरबंदाची रचना पाहू. लांब वस्त्राची घडी कमरेभोवती अनेक वेढ्यांनी आवळली जाई. वेढ्यावर वेढा बसला की कापडावर कापड घासून त्याला आपोआप पकड येते. बक्कल लागत नाही, भोके पाडावी लागत नाहीत. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर, घोड्यावर आणि बैठकीत, कमरेचा घेर बदलतो. वस्त्र तेवढ्यापुरते सैल किंवा घट्ट करता येते. कट्यारीचे म्यान या वेढ्यांत तिरके खोचत आणि मूठ वर, उजव्या हाताच्या आवाक्यात ठेवत. तलवार लांब आणि जड, म्हणून तिच्यासाठी पडदळे, म्हणजे खांद्यावरून घेतलेला पट्टा, वेगळे असे. मोगल दरबारात या कमरेच्या वस्त्राला पटका म्हणत. मराठीत पटका म्हटला की डोक्याचा आठवतो, तिकडे तो कमरेचा होता. वरच्या म्हणीची गंमत त्यामुळे थोडी वाढते. सतराव्या शतकातील लघुचित्रांत बादशहा आणि उमराव यांच्या पटक्यात खोचलेली कट्यार हटकून दिसते.

चित्रकाराने ती दाखवली, कारण धारण करणाऱ्यालाच ती दाखवायची होती. दरबारात जाताना कमरेला कट्यार असणे हा मानाचा भाग होता. कट्यार बक्षीस मिळे, खिलतीच्या वस्त्रांबरोबर दिली जाई, आणि धन्यासमोर ती कमरेला ठेवण्याची मुभा हीच विश्वासाची खूण मानली जाई. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकातील कथा याच समजुतीवर उभी आहे. राजगायकाला मिळणारी कट्यार तेथे सन्मानाची आहे आणि तिच्याबरोबर एका खुनाची माफीही आहे. सन्मान आणि संहार एकाच म्यानात राहतात, हे नाटककाराने अचूक ओळखले होते. उघडे शस्त्र पाहणाऱ्याला सांगत असे की हा मनुष्य सशस्त्र आहे, तो कोणाच्या पदरी आहे, आणि त्याने आगळीक केली तर जाब कोणाला विचारायचा.

झाकलेले शस्त्र यातले काहीच सांगत नाही. ते जवळ बाळगण्याची पाळी येते, तेव्हा विश्वास आधीच संपलेला असतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली भेट हे त्याचे आपल्या इतिहासातील सर्वांत परिचित उदाहरण. भेटीच्या निमित्ताने आलेल्या शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाचा अफझलखानाने घात केला होता, ही गोष्ट दक्षिणेत सर्वश्रुत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या आपल्या बखरीत कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या त्या दिवशीच्या पोशाखाचे वर्णन देतो. त्यात कास कसल्याचा उल्लेख आहे, आणि हाती चढवलेल्या बिचव्याचा व वाघनखाचाही. खानाची जमदाड मात्र उघड होती. तिचा वार प्रथम झाला आणि तो महाराजांच्या अंगातील कुडतीवर खरडत गेला, असे बखर सांगते. दोन सरदारांच्या भेटीतील शिष्टाचाराची चौकट शाबूत असती, तर बिचवा हातात लपवण्याची गरजच पडली नसती. या प्रसंगाशी जोडली गेलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्याचा ब्रिटिश अधिकारी आणि मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तेथे पोहोचलेली होती. हीच ती वाघनखे असे खात्रीने म्हणता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. ते ध्यानात ठेवूनच त्यांचे दर्शन घ्यावे.

ग्वाल्हेरच्या वाचकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. जुलै १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसलेले जयाप्पा शिंदे मारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. जोधपूरच्या राठोडांनी पाठवलेली ही माणसे छावणीत शिरेपर्यंत शस्त्रधारी म्हणून कोणाच्या नजरेत भरली नाहीत. रणात ज्याला गाठता आले नाही, त्याला वस्त्राआड दडवलेल्या शस्त्राने गाठले. अशा घटनांमुळे लपवलेल्या शस्त्राला दग्याचा वास कायमचा चिकटला. प्रतापगडचा प्रसंग आपण त्याला अपवाद मानतो, कारण तेथे दगा आधी कोणाच्या मनात होता हे आपल्याला ठाऊक आहे. अपवाद मानावा लागतो, यातच नियम काय होता हे दिसते.

एकोणिसाव्या शतकात कमरेच्या वस्त्राची जागा चामड्याने घेतली. या बदलातील एक नामांकित वस्तू हिंदुस्थानातच जन्मली. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी, म्हणजे ग्वाल्हेरच्या रणांगणात झाशीच्या राणीने देह ठेवल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, रोहिलखंडातील एका चकमकीत सॅम्युअल ब्राऊन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. तलवार उपसताना म्यान धरायला डावा हात लागतो. तो नसेल तर म्यान हलते आणि पाते अडकते. यावर उपाय म्हणून ब्राऊनने कमरेचा रुंद पट्टा घेतला, त्याला खांद्यावरून तिरकी वादी जोडली, आणि म्यान व पिस्तूल दोन्ही स्थिर बसवली. त्याच्या नावाचा हा पट्टा पुढे अनेक देशांच्या सैन्यांत गेला आणि आपल्याकडील पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावरही आला. पडदळे आणि कमरबंद यांचे काम एकत्र करणारीच ही रचना होती. मराठीत ‘बक्कल’ हा शब्द इंग्रजीतून आला, पण जडाचा भार कमरेवर आणि खांद्यावर वाटून घ्यावा, हे शहाणपण येथे जुनेच होते.

पट्टा आला आणि शस्त्र गेले. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाची मोहीम सुरू झाली; १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, युरोपियनांना मात्र सूट राहिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला. संस्थानांत चित्र निराळे होते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील दरबारांत सरदार-मानकऱ्यांच्या कमरेची तलवार विलीनीकरणापर्यंत पोशाखाचा भाग म्हणून टिकली. हैदराबादेत निजामाच्या दरबारी दस्तार आणि बगलूस, म्हणजे शेरवाणीवर बांधायचा बकलाचा पट्टा, ही जोडी आवश्यक होती. शस्त्र नसले तरी त्याला धरणारा पट्टा शिष्टाचारात उरला. १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि ही शेवटची प्रथाही संपली. आज आपल्या कित्येक घरांत दसऱ्याला पाटावर येणारी कट्यार ही त्या कमरेची आठवण आहे. जिवंत प्रथा पाहायची असेल तर कोडगूकडे पाहावे. तेथील पुरुष मंगलप्रसंगी काळा कुप्या घालतात, त्यावर तांबड्या रेशमाचा कमरबंद बांधतात आणि त्यात समोर पीचेकत्ती खोचतात. कोडव समाजाला शस्त्र परवान्यातून मिळालेली जुनी सूट २०१९ मध्ये केंद्र सरकारने आणखी दहा वर्षांसाठी वाढवली.

आता एका दूरच्या देशाकडे वळावे लागेल, कारण उघडे आणि झाकलेले यांतला भेद कायद्याच्या भाषेत जितका स्पष्ट तेथे लिहिला गेला, तितका क्वचितच कोठे लिहिला गेला असेल. अमेरिकेत १८१३ मध्ये केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी अंगावर लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. उघड बाळगण्यास नाही. केंटकीचा कायदा १८२२ मध्ये तेथील न्यायालयाने रद्द ठरवला, तेव्हा त्या राज्याने १८५० च्या नव्या राज्यघटनेत अशा बंदीचा अधिकार लिहून घेतला. त्याच १८५० साली लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याची बंदी उचलून धरली. उघडे शस्त्र पौरुषाच्या स्वसंरक्षणाला शोभते आणि लपवलेले शस्त्र गुप्त घाताकडे नेते, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्या एखाद्या जुन्या दरबाऱ्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागला नसता.

पुढच्या दीड शतकात हा विचार तेथे पुरता उलटला. शहरे वाढली, आणि गर्दीत उघडे पिस्तूल पाहून लोक बिचकू लागले. १९११ मध्ये न्यूयॉर्कने लपवता येण्याजोग्या बंदुकांना परवाना सक्तीचा केला. नंतर वारे फिरले. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्याचे बंधन सरकारवर घातले आणि अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. २३ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासाठी खास कारण मागणारी न्यूयॉर्कची अट घटनाबाह्य ठरवली. २०२४ अखेर २९ राज्यांत बहुतेक प्रौढ नागरिकांना त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नव्हती. १८१३ मध्ये जे घातक्याचे लक्षण होते, ते दोनशे वर्षांत नित्याचे झाले.

या उलथापालथीत कमरेचा पट्टाही बदलला. पूर्वीच्या घोडेस्वाराचा काडतुसांचा पट्टा कपड्यांवरून, वेगळा आणि उघडा असे. विजार तर बहुधा खांद्याच्या पट्ट्यांनी पेलली जाई. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात विजारीला पट्ट्याच्या फासळ्या लावण्याची रीत रूढ झाली आणि पुढे रोजच्या पट्ट्यालाच शस्त्र अडकवता येऊ लागले. काडतुसे भरलेले मध्यम आकाराचे पिस्तूल पाऊण किलोच्या वर जाते. साधा मऊ पट्टा त्या भाराने मुरडतो, म्यान बाहेर कलते आणि सदऱ्यावर उंचवटा दिसू लागतो. म्हणून तेथील जाणकार ताठ पट्टा निवडायला सांगतात. आत कडक अस्तर असावे, रुंदी सुमारे दीड इंच व म्यानाच्या अडकणीशी जुळणारी असावी, आणि पट्टा आडवा धरला तर त्याने मान टाकू नये. साध्या पट्ट्याची भोके इंचाइंचावर असतात. ‘रॅचेट’ पट्ट्याला भोकेच नसतात. आतल्या बाजूस दातेरी पट्टी असते, बकलातील खिटी दातात अडकते, आणि घड्याळाला किल्ली देताना होतो तसा आवाज करत पट्टा पाव-पाव इंचाने आवळला जातो. बसताना एक दात सोडावा, उठताना एक आवळावा. दाते आणि खिटी धातूची व मजबूत असावीत, कारण सारा भार त्या एका खिटीवर येतो. कमरबंदाच्या वेढ्यांनी जे सहज साधले होते, ते चामड्याच्या पट्ट्याला इतक्या यंत्राने पुन्हा मिळवावे लागले.

मात्र एक गोष्ट या यंत्राने मिळत नाही. कमरबंदातील कट्यार धारण करणाऱ्याला बांधून ठेवत असे. ती सर्वांना दिसत असल्याने तिच्या मुठीकडे गेलेला हातही सर्वांना दिसे. दरबारात तेवढ्यावरून माणसाची किंमत ठरे. सदऱ्याखालच्या शस्त्रावर असा कोणाचाच डोळा नसतो. ते बाळगणारा सज्जन असेलही, बहुधा असतोच. पण शेजारी उभ्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नाही. मग तोही आपल्या रक्षणाचा विचार करू लागतो, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी एका दिवसापुरता होता तो अविश्वास बाजारात, प्रार्थनास्थळात, शाळेच्या रस्त्यावर रोजचा होतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात संसार करतात. तेथील कायद्यांचे बरेवाईट ठरवणे त्या नागरिकांचे काम आहे. आपल्या मुलांना मात्र या प्रश्नाचा इतिहास ठाऊक असावा.

आपल्या पूर्वजांनी घरे सोडली, नर्मदा ओलांडली, परमुलखात वस्ती केली, तेव्हा त्यांच्या कमरेला शस्त्र होते. त्यांच्या शौर्याच्या कथा आपण सांगतो आणि त्या सांगाव्यातच. परंतु ती माणसे त्या परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या रुजली, स्थानिकांची झाली, ती केवळ तलवारीमुळे नव्हे. त्यांचे शस्त्र दिसत होते, त्यांचे धनी ठाऊक होते, आणि त्यांच्या वागण्याचा हिशेब मागता येत होता. दसऱ्याला कट्यारीवर शमीची पाने वाहताना एवढे आठवले, तरी त्या पूजेला अर्थ राहील.