रंग बदलणारी कातडी

१८३२ च्या जानेवारीत 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्द बेटांपैकी सेंट जागो या बेटाला लागले. बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन तेथे ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमध्ये ऑक्टोपस पाहत असे. खोल पाण्यात तपकिरी-जांभळा दिसणारा हा प्राणी उथळ पाण्यात आला की पिवळसर हिरवा होई. ही गोष्ट नवी दिसते, असे डार्विनने आपले गुरू हेन्स्लो यांना कळवले. ती नवी नव्हती. ऑक्टोपस शेजारच्या दगडांसारखा रंग धारण करतो, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

रंग बदलतो हे माहीत होते. तो कसा बदलतो हा प्रश्न अधिक अवघड होता. १८१९ मध्ये नेपल्सच्या सांजोव्हान्नी यांनी या वर्गातील प्राण्यांच्या कातडीतले रंगीत ठिपके बारकाईने पाहिले आणि त्यांना 'क्रोमोफोर' म्हटले. आज आपण त्यांना क्रोमॅटोफोर म्हणतो. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगद्रव्याने भरलेली एक लवचीक पिशवी. तिच्या कडेला चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू जोडलेले असतात. मेंदूकडून आज्ञा येताच स्नायू आखडतात, पिशवी ताणून पसरते आणि रंग दिसू लागतो. स्नायू सैल पडले की पिशवी पुन्हा टाचणीच्या टोकाएवढी होते. सेकंदाच्या काही अंशात हे घडते. वर्गात दाखवायचे असेल तर न फुगवलेल्या फुग्यावर शाईचा दाट ठिपका द्यावा आणि चार विद्यार्थ्यांना फुगा चार बाजूंनी ओढायला सांगावे. (कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस ज्या माकूळाच्या पाठीतला असतो, त्या माकूळाच्या कातडीतही हेच ठिपके असतात.)

म्हणजे येथे रंग नव्याने तयार होत नाही, कातडी ताणली जाते. यंत्र बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. लोखंडी रोबोला रंग फासता येईल, पण त्याची कातडी ताणता येणार नाही. त्यासाठी मऊ पदार्थच हवा.

असे मऊ रोबो हातात आल्यावर प्रयोगांना वेग आला. २०१२ साली ब्रिस्टल विद्यापीठात जोनाथन रॉसिटर आणि सहकाऱ्यांनी विजेचा दाब दिला की पसरणाऱ्या रबरी पटलाचे कृत्रिम क्रोमॅटोफोर केले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकोन रबराच्या चालत्या रोबोवर बारीक नळ्यांची चादर बसवली आणि नळ्यांतून रंगीत द्रव सोडला. हा रोबो तासाला सुमारे ४० मीटर चाले. मात्र कोणता रंग सोडायचा हे बाहेर बसलेला माणूसच ठरवी.

ही उणीव २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने काही अंशी भरून काढली. त्यांच्या लवचीक चादरीत १६ × १६ चौकटी होत्या, प्रत्येकीत प्रकाशाची जाण घेणारा घटक होता आणि सुमारे ४७ अंश सेल्सिअसला काळ्याचा पारदर्शक होणारा रंग होता. खालचा प्रकाश पाहून चादर एक-दोन सेकंदांत स्वतःचे चित्र बदले, पण केवळ काळ्या-पांढऱ्यात. या कामांमागे बराचसा पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आणि नौदलाचा होता, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही. लपण्याची विद्या कोणाला हवी असते, हे त्यावरून कळते.

आता सरड्याकडे वळू. शॅमेलिऑन, म्हणजे आपल्याकडचा घोयरा सरडा ज्या कुळातला ते कूळ, पाठीमागच्या वस्तूशी जुळण्यासाठी रंग बदलते असे आपण सर्रास शिकवतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची कातडी तपासली. तिच्यातील पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले आढळले. नर शांत असतो तेव्हा स्फटिक जवळजवळ असतात आणि तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी समोर आला की त्यांच्यातील अंतर वाढते, अधिक लांबीच्या प्रकाशलहरी परावर्तित होतात आणि हिरवा पिवळा होतो. हे लपणे नव्हे, उघड आव्हान आहे.

गंमत अशी की २०२१ मध्ये सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात जो शॅमेलिऑन रोबो तयार झाला, तो नेमका जमिनीच्या रंगाशी जुळवून घेतो. त्याच्या कातडीतील द्रवस्फटिकांत चांदीच्या अतिसूक्ष्म तारांनी उष्णता दिली जाते. तेथेही रंग सूक्ष्म रचनेतील अंतरावरच ठरतो, पण अंतर बदलते ते तापमानाने. खालचा रंग ओळखण्यासाठी वेगळे संवेदक लागतात.

ऑक्टोपसच्या डोळ्यात बहुधा एकच दृष्टिद्रव्य असते. आपल्यासारखे रंग ओळखण्याची सोय त्यात नाही. तरी तो जुळवून घेतो. २०१५ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेत ऑक्टोपसच्या कातडीचा तुकडा शरीरापासून वेगळा काढून त्यावर प्रकाश टाकण्यात आला. डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी त्यातील क्रोमॅटोफोर पसरले. डोळ्यांत असते त्या जातीचे प्रकाशग्राही प्रथिन त्या कातडीतच होते.