विसापूरचा सुटा दगड

गेल्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरहून आतेभावाचा मेल आला. माउंट वॉशिंग्टनचा बेत रद्द. तिकडे निघण्याआधी वाटेची खबर काढतात म्हणे. ताजा बर्फ किती पडलाय, खाली कडक थर आहे का, बुटांना काटे लावायचे का. शेवटी खोचक प्रश्न होताच: "तुमच्या सह्याद्रीत थंडीत काय बघून निघता? स्वेटर?"

मी तेव्हा कुसगावात मित्राकडे होतो. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून लोकलने मळवली, तिथून चालत भाजे आणि नाळेच्या वाटेने विसापूर, असा बेत होता. म्हटलं, जाऊन येतो आणि मग उत्तर देतो.

पावसाळ्यात ही नाळ म्हणजे चक्क धबधबा. पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत असतं. दिवाळीनंतर ती आटते आणि उरतं वाळकं गवत, त्याखाली घसारा. वरच्या टप्प्यात मी एका दगडावर भार टाकला आणि दगड सुटला. मी चार-पाच फूट घसरलो, तळहात सोलला, ते काही विशेष नाही. पण तो दगड खाली उभ्या असलेल्या मित्राच्या कानाजवळून गेला. नंतर पाचेक मिनिटं आम्ही दोघं नुसतेच बसून होतो.

समोर लोहगड दिसत होता. तिकडे वळणावळणाच्या पायऱ्या, एकामागून एक चार दरवाजे, चपला घालूनसुद्धा लोक चढतात. मधे फक्त गायमुख खिंड. मग इकडेच हा पसारा का?

कारण विसापूर उंच आहे, साधारण ५० मीटरने.

वाट कोरडी झाली की मोहीम, हा आपला जुना हिशेब. दसऱ्याला सीमोल्लंघन त्यासाठीच. इंग्रजांनीही तोच पाळला: ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी, १० मे १८१८ ला रायगड. सगळं दोन पावसाळ्यांच्या मधे उरकलं! लोहगड दांडगा म्हणून कर्नल प्रोथर ३८० गोरे आणि ८०० देशी शिपाई घेऊन आला. तोफखान्याची तुकडीही येऊन मिळाली. पण त्याने आधी हात घातला विसापूरला. ४ मार्चला तो घेतला, तोफा लोहगडाकडे वळवल्या, आणि लोहगडाची शिबंदी पाठोपाठ गड सोडून गेली. (आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हर भक्कम, शेजारचा उघडा.)

नंतर विसापूरचे कोकणाकडचे आणि देशाकडचे, दोन्ही दरवाजे सुरुंगाने उडवले. राहिले दगडांचे ढीग. लोहगडाचे दरवाजे मात्र शाबूत राहिले. माझ्या मते आजचा फरक तिथूनच सुरू होतो. दरवाजाच नाही म्हटल्यावर त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या कोण सांभाळणार? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. विसापूर नाही.

माझ्या पायाखालून सुटला तो दगड त्या सुरुंगाचा की साध्या पावसाचा, छातीठोकपणे सांगत नाही.

रात्री भावाला उत्तर पाठवलं: "वाट कोरडी. गवत गुडघाभर, त्याखाली घसारा. दगडाला आधी हाताने हलवून बघावं. एकामागे एक चढू नये. स्वेटर लागला नाही."

त्याचा उलट मेल आला, "मित्र ठीक आहे ना?"

ठीक आहे. पुढच्या शनिवारी लोहगडच म्हणतोय.