पहिला लेथ

जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये आर्मररचं काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "लेथ घेशील तेव्हा रंग नाही, बेड बघ."

त्यामागचा इतिहास मला नंतर कळला. हेन्री मॉडस्ले बाराव्या वर्षी वूलिचच्या शस्त्रागारात काडतुसं भरायचा. पुढे 1800 च्या सुमारास त्यानं लोखंडी बेडचा, आटे पाडणारा लेथ उभा केला. तोवर बहुतेक कारागीर हत्यार हातातच धरत. हात बदलला की आटा बदलायचा. मॉडस्लेनं हत्यार स्लाइडवर बसवलं, आटे एकसारखे येऊ लागले. एका रायफलचा स्क्रू दुसरीला बसतो, त्याची मुळं इथं आहेत.

आता निवृत्तीनंतर माझा पहिला लेथ घेतोय. 1959 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडाच, दुरुस्त करणंही गुन्हा. त्यामुळे बॅरल आरपार जाईल असा स्पिंडल मला नको. बेड मात्र जड, न थरथरणारा हवा. उस्तादांचा शब्द आहे.