सैनिकांची अंत्यभूमी : देह, नाम आणि निगा

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. मृत देहावर अंतिम संस्कार जेथे होतो ती जागा म्हणजे स्मशान किंवा दफनभूमी. मृताची आठवण जेथे उभारली जाते ते स्मारक. ही दोन्ही कार्ये एके ठिकाणी होत असून त्या ठिकाणाच्या रक्षणाची जबाबदारी एखाद्या संस्थेने कायमची पत्करली असेल, तर त्या जागेस प्रस्तुत विवेचनात 'सैनिकी अंत्यभूमी' म्हटले आहे. या व्याख्येतून तीन घटक निष्पन्न होतात : देह, म्हणजे अवशेषांचे स्थान, नाम, म्हणजे व्यक्तीचा निश्चित निर्देश, आणि निगा, म्हणजे पहिल्या दोहोंना टिकवण्याचे बंधन. 'सैनिक' या शब्दाचेही दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात. रणात पडलेला तो पहिला. सेवा पुरी करून गावी परतलेला आणि पुढे वार्धक्याने किंवा आजाराने वारलेला तो दुसरा. आपल्याकडील सार्वजनिक भावना पहिल्याभोवती एकवटलेली असते. संख्येने मात्र दुसरा कितीतरी मोठा आहे.

बीड जिल्ह्यात अशी भूमी करावयाची झाल्यास पहिली अडचण देहाची येते. येथील बहुसंख्य समाज दहन करणारा आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी गोदावरीत सोडल्या, की देहाला स्थान उरत नाही. मुस्लिम, लिंगायत, महानुभाव आणि ख्रिस्ती समाजांत दफनाची रीत आहे. परंतु त्यांच्याही भूमी वेगवेगळ्या आहेत. कबरस्तान आणि रुद्रभूमी एका कुंपणात येत नाहीत, आणि आणण्याचे कारणही नाही. तात्पर्य, सर्व माजी सैनिकांसाठी एक समाईक दफनभूमी ही कल्पना येथे आरंभीच अडते. म्हणून देहाचा घटक वगळला तर अंत्यभूमी उरते काय, हा खरा प्रश्न ठरतो. त्याचे उत्तर तर्कापेक्षा पूर्वानुभवातून अधिक स्पष्ट होते.

तिन्ही घटकांच्या अभावाचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे मारला गेला. त्याचे नाव इतिहासात राहिले. दोन्ही बाजूंच्या सामान्य शिपायांचे ना देह, ना नाम, ना निगा.

दुसरा प्रकार वीरगळीचा. मराठवाड्यातील कित्येक गावांत वेशीजवळ किंवा मारुतीच्या पारावर हा दगड आढळतो. त्याची रचना बहुधा ठरलेली असते. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, क्वचित शेजारी गाई. म्हणजे गोधन सोडवताना आलेले मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसलेला असतो, आणि शिरोभागी कलश. मृत्यूचे कारण, मृत्यूनंतरची गती आणि अंतिम पद या तीनही पायऱ्या शिल्पकाराने सांगितल्या. नाव तेवढे सांगितले नाही. कर्नाटकात लेखयुक्त वीरगळी विपुल आहेत, महाराष्ट्रातील बहुतेक मूक आहेत. ज्या पिढीने दगड उभारला तिला नाव ठाऊक होते, म्हणून ते कोरण्याची गरज भासली नसावी. चौथ्या-पाचव्या पिढीत मात्र वीराचा देव झाला, त्याला शेंदूर लागला. जेथे देवही झाला नाही तेथे त्याच दगडाची पायरी झाली. येथे स्मारक आहे, परंतु नाम नाही, आणि नाम नसल्यामुळे निगा कोणाची हेही ठरत नाही. निगेचा भंग प्रायः नामाच्या भंगातून होतो, हा पहिला निष्कर्ष.

तिसरा प्रकार याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस सापडतो, आणि तो या विषयात मध्यवर्ती आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर. त्याचा पुत्र राम गुजरातवरील मोहिमेत नर्मदाकाठी पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत देवालय बांधले आणि ते शिलालेखात नोंदवले. मृत्यू नर्मदेवर, स्मारक बालाघाटाच्या डोंगरात. देह येथे नाही. नाम आहे, नाते आहे, प्रसंग आहे. आणि स्मारक देवालयाच्या रूपात असल्याने नित्य पूजेच्या निमित्ताने निगेची सोयही झाली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा शिलालेख आज वाचता येतो, म्हणूनच रामाविषयी येथे लिहिता येते. देहावाचून सैनिकाचे स्मरण शतके टिकू शकते, हे यावरून सिद्ध होते. अर्थात राम सेनापतीचा पुत्र होता. त्याच्याबरोबर पडलेल्या पायदळाचा उल्लेख शोधू नये.

सामान्य शिपायास नाम देण्याचा प्रश्न येथून पुढे येतो. कोरेगाव भीमा येथील जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली, ही महाराष्ट्रातील त्या दिशेची आरंभीची पायरी होय. ती व्यवस्थेच्या रूपाने स्थिर झाली १९१७ मध्ये. त्या वर्षी ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाधी आयोग स्थापला, जो आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. त्याने तत्त्वे ठरवली : प्रत्येक मृताचे नाव नोंदले जाईल, दगड कायमचा असेल, हुद्दा, वंश व धर्म यांवरून भेद होणार नाही. पुण्याजवळ खडकी येथील दफनभूमी याच आयोगाची. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिक तेथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या थडग्यांची कायम देखभाल शक्य नव्हती, ती तेथे एकत्र आणली गेली. निगेसाठी देह हलवण्यात आले. यावरून तीन घटकांपैकी कोणता निर्णायक मानला गेला ते कळते. आयोगाच्या दगडावर सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख व वय एवढाच मजकूर असतो. खाली कुटुंबाच्या शब्दांसाठी जागा असते, ती जास्तीत जास्त ६६ अक्षरचिन्हांची. जनरलच्या कुटुंबाससुद्धा सदुसष्टावे मिळत नाही. आयोगाच्या खर्चात भारत सरकारही वाटेकरी आहे.

परंतु तत्त्व आणि आचरण यांत अंतर पडले, आणि ते नेमके आपल्या सैनिकांच्या बाबतीत पडले. याचे दोन भेद करावेत. पहिला, दहनामुळे आलेली खरी अडचण. ती सुटण्यासारखी होती, हे कोहिमा येथे दिसते : १४२० थडग्यांच्या जोडीला तेथे दहनस्मारक आहे आणि त्यावर ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे आहेत. दुसरा भेद अनास्थेचा. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ पहिल्या महायुद्धात ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले. त्या जागी १९२१ मध्ये छत्री उभी राहिली. नावे लागली २०१० मध्ये. बसरा येथील स्मारकाची गोष्ट याहून गंभीर आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात पडलेल्या ब्रिटिश शिपायांची नावे बसऱ्यास कोरली गेली; हिंदी शिपायांची केवळ संख्या. सर्व मृत समान मानणाऱ्या आयोगाने हे करावे, याला प्रशासकीय सोय म्हणून सोडून देता येत नाही. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी अहवालाने हा भेदभाव मान्य केला.

स्वातंत्र्योत्तर काळात महत्त्वाचा बदल १९९९ च्या कारगिल युद्धात झाला. १९६२, १९६५ आणि १९७१ मध्ये रणात पडलेल्यांचे अंत्यसंस्कार सामान्यतः आघाडीजवळच होत. कारगिलपासून पार्थिव गावी येऊ लागले. तिरंगा, शोकशस्त्र, बिगूल, बंदुकीच्या फैरी हे सर्व गावच्या शिवारात घडू लागले, आणि ठिकठिकाणी चौथरे व अर्धपुतळे उभे राहिले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. रणात पडलेल्याच्या नामाची सोय अशा रीतीने झाली. गावच्या चौथऱ्याची निगा मात्र अनिश्चित राहिली, कारण बांधकामाचा निधी एकदाच येतो आणि झाडलोट रोजची असते.

आता दुसऱ्या अर्थाचा सैनिक. पंधरा-वीस वर्षे सेवा करून परतलेला शिपाई सत्तरीत वारला, तर त्याच्या गावी कोणताही दगड उभा राहत नाही. त्याच्या पत्नीचा तर विचारही होत नाही; 'वीरनारी' ही संज्ञा रणात पडलेल्याच्या पत्नीलाच लागते. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राष्ट्रीय दफनभूमी सुरू झाल्या, आणि तेथे आज निवृत्त सैनिक, त्याची पत्नी किंवा पती व अवलंबून असलेली मुले यांना स्थान आहे. आपल्या परंपरेत पत्नी सैनिकाच्या दगडाशेजारी येते ती सतीशिळेच्या रूपाने : बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला एक हात. तो हात पत्नीचे नाव सांगत नाही, केवळ तिचे मरण सांगतो. स्मरणात तिला जागा होती, तिच्या आयुष्याला नव्हती. म्हणून कुटुंबाचा समावेश ही नव्या अंत्यभूमीची दुय्यम बाब नव्हे. जुन्या व्यवस्थेपासून तिचा मुख्य भेद हाच आहे.

यावरून बीडसाठी पुढील स्वरूप प्राप्त होते. देह ज्याच्या त्याच्या रीतीने, ज्याच्या त्याच्या भूमीत जावा. समाईक जागा नामाची असावी, आणि तीस जमीन फारशी लागत नाही. पात्रतेची व्याख्या अगोदर व्हावी. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दल यांतील निवृत्तांना 'माजी सैनिक' ही शासकीय संज्ञा लागू होत नाही. गावाच्या लेखी मात्र दोघेही 'मिलिटरीतले'. येथे गावाची व्याख्या स्वीकारणे अधिक न्याय्य ठरेल. नावांचा क्रम मृत्यूच्या तारखेने असावा, हुद्द्याने नसावा. निगेचा भार एकट्या ग्रामपंचायतीवर टाकू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नोंदवही आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद, अशी विभागणी व्हावी. दगडाचे काम या दोन्ही गोष्टी ठरल्यानंतरच हाती घ्यावे. नोंदवहीत पतीची नोंद होतानाच पत्नीचीही, तिच्या हयातीत आणि तिने सांगितलेल्या नावाने व्हावी, म्हणजे पुढे मुलगा अर्ज करील की नाही यावर तिचे स्थान अवलंबून राहणार नाही.