गोचीडनाशक-प्रतिरोध
गुरांवरील गोचिडांना पूर्वी हमखास मारणारी औषधाची मात्रा पुढील पिढ्यांतील गोचिडांना मारीनाशी होते आणि ही सहनशक्ती वंशपरंपरेने उतरते, तेव्हा त्या स्थितीस गोचीडनाशक-प्रतिरोध म्हणतात. औषध हा गुण निर्माण करीत नाही. समूहात आधीपासून विरळ असलेल्या प्रतिरोधी गोचिडा फवारणीतून वाचतात, त्यांचीच प्रजा वाढते आणि काही हंगामांत समूहाचे स्वरूप पालटते. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गुरांवरील प्रमुख जाती अळीपासून प्रौढावस्थेपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर काढते, तिची मादी गळून पडल्यावर दोन ते तीन हजार अंडी घालते आणि उष्ण प्रदेशात वर्षाला तिच्या अनेक पिढ्या होतात. त्यामुळे ही निवड तिच्यात विशेष वेगाने घडते.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा आहे. तेथे गुरांना आर्सेनिकच्या द्रावणाच्या हौदातून पोहत नेण्याची पद्धत होती. १९३० च्या दशकात आर्सेनिक निष्प्रभ ठरू लागले, त्यानंतर आलेले डीडीटी १९५० च्या दशकात, सेंद्रिय फॉस्फरस संयुगे १९६० च्या दशकात आणि अमिट्राझ १९८० च्या दशकात अपुरे पडू लागले. कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे : डीडीटी आणि ही औषधे चेतापेशींच्या आवरणातील एकाच सोडियम-मार्गावर आघात करीत असल्याने, डीडीटीला सरावलेल्या गोचिडांत या नव्या औषधांविरुद्धचा प्रतिरोधही आढळला. यास संकर-प्रतिरोध म्हणतात. औषधाच्या लक्ष्यस्थानातील अशा बदलाखेरीज औषधाचे विघटन करणाऱ्या एस्टरेज व सायटोक्रोम पी-४५० या विकरांची वाढलेली क्रिया हे प्रतिरोधाचे दुसरे मोठे कारण होय. म्हणूनच व्यापारी नाव बदलणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. रासायनिक गट बदलला पाहिजे.

प्रतिरोध ओळखण्यासाठी औषध लावलेल्या कागदी पाकिटात अळ्या चोवीस तास ठेवून मृतांचे प्रमाण मोजतात, किंवा रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या द्रावणात बुडवून त्यांचे अंडी घालणे तपासतात.

भारतातही डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन या पायरेथ्रॉइड औषधांविरुद्ध प्रतिरोध नोंदला गेला आहे. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे : ऑस्ट्रेलियातील पशुपालकांनी वशिंड असलेल्या भारतीय वंशाच्या गुरांशी संकर करून गोचीड सहन करणारे कळप उभे केले, तर महाराष्ट्रात दुधासाठी होल्स्टीन व जर्सी यांचा संकर वाढला, आणि अशा गाईंवर खिलार वा देवणी या देशी गुरांपेक्षा गोचिडांचा प्रादुर्भाव अधिक होतो. वारंवार फवारणी करावी लागते, औषध अंदाजाने पातळ केले जाते, कानात, कासेभोवती व शेपटीखाली ते पोहोचत नाही, आणि अपुऱ्या मात्रेतून अंशतः प्रतिरोधी गोचिडाही निभावतात. गोठ्याच्या भिंतींच्या व जमिनीच्या भेगांत घातलेली अंडी तशीच राहिल्यास जनावरावर केलेली फवारणी थोड्याच दिवसांत पुन्हा करावी लागते. भेगा बुजवणे, मात्रा अचूक मोजणे आणि क्यूबा व ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या बीएम-८६ प्रथिनाच्या लसीसारख्या अरासायनिक उपायांची जोड देणे, यांमुळे फवारण्यांची संख्या घटते आणि उपलब्ध औषधांची उपयुक्तता अधिक काळ टिकते.